ओळ संपली हे सांगणार कोण?

सत्तरीचं दशक सरत आलं होतं, पण आमच्या सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हताच. होतं ते कार्डांना भोकं पाडायचं यंत्र. कार्डांचा गठ्ठा एस.टी.नं पुण्याला जायचा आणि उत्तराचा कागद आठ दिवसांनी यायचा. ज्याच्या प्रोग्रॅमातनं आकड्यांच्या दहा ओळी बरोबर छापून येतील त्याला पुण्याला कॉम्प्युटर शिकायला पाठवतो, असं सर म्हणाले होते. माझे वडील फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी मला एवढा महिना दिला होता. नाही जमलं तर साताऱ्याला भरतीच्या रांगेत उभं राहायचं.

काम ऐकायला पोरखेळ. पहिल्या ओळीत १. काय दिसतं? एक वेळा एक, म्हणून खाली ११. त्यात दोन वेळा एक, म्हणून २१. मग १२११. प्रत्येक ओळ वरच्या ओळीचं वर्णन. आकडे भराभर फुगतात, म्हणून मी त्यांना संख्या न मानता नुसती अक्षरं मानली: एकेक बघत जायचं, बदललं की आधीचं अक्षर किती वेळा आलं तो आकडा आणि ते अक्षर लिहायचं.

आठ दिवसांनी कागद आला. वर १, खाली सगळं कोरं. टाळकंच फिरलं माझं!

वैतागून मेढ्याला घरी गेलो, तर आबा दाढी करता करता विचारतात, "काय रं, काय म्हणतंय तुजं मशीन?" सांगितलं. गालावरच्या फेसासकट त्यांनी सुरू केलं, "एक एक, बास. दोन एक, बास. एक दोन, एक एक, बास." सहा ओळी धडाधड. "ह्याला मशीन कशाला लागतंय?"

असा संताप आला म्हणता! पण त्या "बास"नं डोकं खाल्लं. ओळ संपली हे मशीनला मी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या अक्षरापुढं काही बदलत नाही, म्हणून ते बापडं लिहायचंच थांबलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी खुणेचं एक शून्य जोडलं, म्हणजे तिथं बदल दिसणारच, आणि कार्डं परत धाडली.

या वेळी दहा ओळी आल्या. सर खूश. कागद घरी नेला, तर आबा मात्र पेन्सिल घेऊन स्वतः तपासायला बसले. नवव्या ओळीवर बोट थांबलं.

"हितं चुकलंय. सोड आता नाद."

"आवं आबा, तुमी चुकलाय!" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. आई चुलीपुढनं उठून दारात आली.

आबांनी वरची ओळ पुन्हा मोजली. मग आणखी एकदा.

"व्हय रं, म्याच चुकलो," ते म्हणाले. "पुण्याची गाडी कवा हाय?"