बाहेर ठेवलेल्याचं आडनाव
माझे धाकटे दीर निवृत्त झाल्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला बसले. ते ठाण्याला, कोलशेतच्या एका नव्या टॉवरमध्ये राहतात. एकदा त्यांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या जावयाची माहिती राहिलीय. आडनावाचा अर्थ, मूळ गाव, मूळ पुरुष. इटलीतला असला म्हणून काय झालं, लिहायला तर हवंच."

मुलगी लग्न करून नेपल्सला गेली आणि हे गेल्यापासून डोंबिवलीच्या घरात मी एकटीच. तिच्याशी बोलायला काहीतरी मिळालं, याचाच मला आनंद झाला. एरवी जेवलीस का, थंडी आहे का, याच्यापुढे आमचं बोलणं फारसं जात नसे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर जावयालाच विचारलं. तो हसला आणि बराच वेळ बोलला. मुलगी मराठीत सांगत गेली.

"आई, याच्या आडनावाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला'. पूर्वी इथल्या अनाथाश्रमाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. ज्या बायकांना मूल सांभाळणं शक्य नसायचं, त्या बाळ त्यात ठेवायच्या. कपाट फिरवलं की बाळ आत. बाहेर कोण उभं होतं ते आतल्यांना दिसायचं नाही. अशा मुलांना हेच आडनाव द्यायचे. याच्या घराण्यातलं कुणीतरी तसंच आत आलेलं असणार. त्याच्या मागचं काही सापडत नाही."

"आणि त्या आया? परत यायच्या का गं?"

तिने त्याला विचारलं. आता तो हसत नव्हता.

"काही जणी बाळाजवळ अर्धं पदक ठेवायच्या आणि अर्धं स्वतःकडे. पुढेमागे न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून. फार थोड्या आल्या, म्हणतो."

तेवढ्यात नातू झोपेतून उठून रडायला लागला आणि कॉल बंद झाला. मी ओट्याजवळ नुसतीच उभी राहिले. मूल आत देऊन घरी परत चालत जाणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मुलीला विमानतळावर सोडून आले होते, तेव्हा गाडीत मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. माझी मुलगी निदान फोनवर दिसते तरी.

पुढच्या आठवड्यात ठाण्याला जाऊन दिरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे असं छापायचं? उद्या तुमचा नातू वाचेल."

"त्याच्या बापाला ठाऊक आहे, भावजी. तो लपवत नाही, मग आपण का लपवायचं?"

"मग मूळ पुरुष म्हणून काय लिहू?"

"माहीत नाही म्हणून लिहा. पण एक बाई होती. मूल जगावं म्हणून तिने ते आत दिलं, एवढं तरी लिहा."

"वहिनी, वंशावळ बायकांपासून सुरू होत नाही."

माझी जाऊ चहा घेऊन आली होती. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या आजीचं माहेरचं नाव तरी कुठे मिळालं तुम्हाला? दोन महिने फोन करत होतात."

दिरांनी चष्मा पुन्हा लावला. चहा पिऊन मी निघाले, तर दारापर्यंत सोडायला आले. एरवी येत नाहीत.

पुस्तक छापून आलं ते कुरियरने. जावयाच्या नावाखाली लिहिलं होतं: 'मूळ पुरुष अज्ञात. मूळ आईने बाळ अनाथाश्रमाच्या स्वाधीन केले. तिचे नाव उपलब्ध नाही.'

हे असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. शेजारच्या दाराला कुलूप होतं. मी पानाचा फोटो काढून मुलीला पाठवला आणि फोन जवळ घेऊन बसले. संध्याकाळी तिच्याकडून एक अंगठा आला. कामात असेल. दिवा लावला आणि ती ओळ मी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने वाचली.