न उलटलेला पत्ता

डबिंग स्टुडिओत किस्से साठतात, कारण दिवसभर दुसऱ्याचं बोलून झालं की स्वतःचं बोलायला फक्त चहाची सुट्टी उरते. मग काय, सगळेच सुटतात! अंधेरीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत मी परदेशी सिनेमांचे मराठी संवाद लिहिते आणि आर्टिस्टकडून ते बोलून घेते. सगळे किस्से सांगायला बसले तर तुम्ही उठून जाल, म्हणून एकाच सिनेमाचे सांगते. तो कॅसिनोवाला. तुम्ही बघितला नसणार. कोणीच बघितला नाही! पण इतका चांगला सिनेमा माझ्या हाताखालून क्वचितच गेलाय, आणि यावर मी आजही कुणाशीही भांडेन.

गोष्ट साधी आहे. एक उतारवयाचा माणूस कॅसिनोत हरत चाललाय. बायको बाहेर गाडीत वाट बघत बसलीय. शेवटच्या डावात तो असेल नसेल ते पणाला लावतो, आणि शेवटचा पत्ता न उलटताच उठून बाहेर येतो. तो पत्ता काय होता, ते आपल्याला कधीच कळत नाही.

*

आमच्याकडे प्रत्येक आर्टिस्ट एकटा येतो, आपापले सीन बोलतो आणि जातो. अख्खा सिनेमा कुणी बघत नाही. मत मात्र प्रत्येकाला असतं!

पत्ते वाटणाऱ्या मुलीचा आवाज मालाडच्या मुग्धाचा. तिने आपले सीन संपवले, हेडफोन काढले आणि म्हणाली, "काय क्यूट लव्हस्टोरी आहे यार!"

"लव्हस्टोरी?"

"मग! हीरो सारखा माझ्याकडेच बघतोय ना."

"बाई, तो तुझ्या हातातल्या पत्त्यांकडे बघतोय."

मुग्धाने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढं प्रेम डोळ्यांत आलं कुठून!"

आमचा रेकॉर्डिस्ट अनिकेत सगळे सीन बघतो, पण मागचे पुढे आणि पुढचे मागे. त्याचं म्हणणं, "हीरो हुशार आहे. पत्ता बघितलाच नाही, म्हणजे हरलाच नाही." मुग्धा म्हणायची, "येडा आहे तो. जिंकला असता तर?" यावरून दोघांची रोज जुंपायची.

*

हीरोचा आवाज दिलीपदादांचा. राहणार चेंबूरला, अर्धं आयुष्य माइकसमोर गेलेलं. सिनेमाबद्दल विचारलं की म्हणायचे, "आधी शेवट बोलू दे मला. मग सांगतो."

दादांची एक सवय होती. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावायचा आणि फक्त विचारायचं, "जेवलीस?"

पलीकडून सुनंदावहिनी म्हणायच्या, "कुठे! तुमचीच वाट बघतेय."

दादा घरी पोचणार संध्याकाळी, हे दोघांनाही ठाऊक. वहिनी कधीच्या जेवलेल्या, हेही दोघांना ठाऊक! तरी प्रश्न तोच आणि उत्तर तेच. आम्ही चिडवायचो, तर दादा म्हणायचे, "या सीनला रीटेक नाही लागत."

*

काम निम्म्यावर आलं आणि दादांचा आवाज बसायला लागला. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ. साधीच निघाली, पण काढावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, "आवाज परत येईल. पण हाच येईल, याची खात्री मी देत नाही."

आवाजावर जगणारा माणूस. मी म्हटलं, "दादा, सिनेमा सोडा." दादा म्हणाले, "हा पुरा करतो, मग काय कापायचं ते कापा." शेवटी डॉक्टरांनी अट घातली, माइकसमोर बोलाल तेवढंच, एरवी तोंड बंद.

दुसऱ्या दिवशी दादा नातीची पाटी आणि खडू घेऊन आले. दुपारचे फोन बंद झाले. दादांच्या सोसायटीची मीटिंग म्हणे पहिल्यांदाच वेळेत संपली!

मुग्धाला हे पटत नव्हतं. ती दादांना लाडाने अरेतुरे करते. "एका फालतू सिनेमासाठी आवाज घालवतोस? उद्या काही झालं तर काय करशील? बोल ना!" ती रडकुंडीला येऊन ओरडत होती आणि दादा भराभर लिहीत होते. पाटी भरली, तरी तिचं चालूच. शेवटी दादांनी कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहून तिच्यापुढे धरलं,

"थांब, पुसू दे."

*

खरी भीती होती ती आम्हाला हा सिनेमा देणाऱ्या कंपनीच्या माणसाची. गळ्याचं कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी दुसरा आवाज आणला असता. आणि नेमका तो न सांगता येऊन टपकला! दादांसमोर खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, "सर, कैसा लग रहा है कैरेक्टर?"

दादा त्याच्याकडे बघत राहिले. पाटी खुर्चीमागे. अनिकेतने उगाच बटणं दाबायला सुरुवात केली. मी घाबरून तोंडाला येईल ते बोलले, "हीरो कमी बोलतो ना, म्हणून दादा काम संपेपर्यंत कुणाशीच बोलत नाहीत. मेथड आहे त्यांची."

तो माणूस उठून उभाच राहिला. "वाह! ये डेडिकेशन हमारे यहाँ किसी में नहीं है!"

मग मुग्धाकडे वळून म्हणाला, "मॅडम, आप भी थोड़ा ट्राय कीजिए."

*

शेवटच्या डावाचा सीन. हीरो एकदाच ओरडतो, "थांबा!" दादांनी ते म्हटलं आणि मधेच आवाज फाटला. पुढे नुसती हवा. अनिकेतने हेडफोन काढून ठेवले. काचेपलीकडे दादा गळ्याला हात लावून उभे होते.

मी म्हटलं, "बास दादा."

त्यांनी पाटीवर लिहिलं, "पुन्हा."

"नाही."

त्यांनी पुसलं आणि अख्खी पाटी भरून लिहिलं, "पुन्हा."

मी माइकच बंद केला. तो फाटलेला आवाज मी तसाच ठेवला. कंपनीच्या माणसाने ऐकून सांगितलं, "बस, यही चाहिए था. कैसे किया?"

*

आता एकच वाक्य उरलं होतं. हीरो पत्ता न बघता बाहेर येतो, गाडीचं दार उघडतो आणि बायकोशी बोलतो. मी लिहिलं होतं, "चल." दादांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, "जेवलीस?"

मी वैतागले. "अहो दादा, साहेबाचा देश! तो कॅसिनोतून उठून आलाय. बायकोला जेवलीस विचारेल?"

दादांनी लिहिलं, "मग काय विचारेल?"

अनिकेतने पडद्यावरचे ओठ दोनदा तपासले. "बसतंय, मेघनाताई."

दादा पाणी प्यायले, डोळे मिटले आणि एकदाच म्हणाले. स्वच्छ, हलकं, रोज फोनवर म्हणायचे तसं. मी काचेकडे पाठ करून उभी राहिले. मला ते पुन्हा ऐकायला मिळेल की नाही, माहीत नव्हतं.

*

सिनेमा आला आणि गेला. माझा भाचा म्हणाला, "मावशी, त्यात काही होतच नाही." मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

दादांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. एका रविवारी दुपारी आम्ही तिघं चेंबूरला गेलो, सगळ्यांनी मिळून एकदा अख्खा सिनेमा बघायचा म्हणून. दार उघडताच वहिनी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, आता बोला. कधीचं सांगितलंय. पण हे तोंडच उघडत नाहीत गं."

दादा आत पाटी घेऊन बसले होते. मी विचारलं, "काय दादा, बोलायचं नाही का?" त्यांनी लिहिलं, "बघू." अनिकेत माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, हे पण पत्ता उलटत नाहीयेत." मुग्धाने त्याला कोपर मारलं.

वहिनींनी आम्हा सगळ्यांना वाढलं आणि स्वतः आत पोळ्या लाटत राहिल्या. टीव्हीवर सिनेमा चालू होता. दादांचा जुना आवाज खोलीभर फिरत होता आणि ते स्वतः ताटातलं काही न खाता बघत होते. "थांबा!" आलं, तेव्हा मुग्धाने त्यांचा हात धरला. हीरो उठला. बाहेर आला. गाडीपाशी पोचला, दार उघडलं, आणि नेमकं नेट गेलं! हीरो तोंड मिटून तसाच उभा, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते गोल चाक फिरायला लागलं.

"अरे यार!" म्हणून अनिकेत रिमोट शोधायला वाकला.

"जेवलीस?"

आवाज खरखरीत होता, जाडसर आणि अर्धामुर्धा. आतलं लाटणं थांबलं नाही.

"कुठे! तुमचीच वाट बघतेय."

मी टीव्हीकडे बघितलं. चाक अजून फिरतच होतं.