बझर थांबेपर्यंत

माझी दुपारची बालवाडी सुटली होती आणि मी दारात सतरंजी झटकत होते, तेव्हा एक अनोळखी माणूस स्कूटर घेऊन आमच्या गल्लीत शिरला आणि दिसेल त्याला विचारू लागला, "प्रल्हादभाईनुं घर क्यां छे?" मी म्हटलं, इकडे या, मी मेहुणी आहे त्यांची, काय काम आहे? तर तो माझ्याकडे न बघता हातातल्या सतरंजीकडेच बघत राहिला. दाजींचा ट्रक भेस्तानच्या पुलाच्या चढावर कडेला उभा आहे, म्हणाला, आणि दाजी सीटवर बसल्या बसल्या... मागच्या गाडीवाल्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढं सांगून जणू काही समाधानाची गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "गाडी बराबर छे, बेन. हँडब्रेक खेचलेला, गिअरमध्ये, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले." बाई गं, गाडीचं कोण विचारत होतं त्याला!

पण आक्काने नेमकं तेच धरून ठेवलं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, दाजींची बायको. रडली, कोसळली, पुण्यानुमोदनाला गावाकडून सगळे आले तेव्हा सगळ्यांना भेटली, पण मधेच एकदम थांबून विचारायची, "ठोकळे लावायला खाली उतरले ना? परत वर चढून बसले ना? मग कुणाला एक हाक मारायला काय झालं होतं?" दीर म्हणाला, वहिनी, वेळ आली होती. जाऊबाई म्हणाली, त्यांना त्रास कळलाच नसेल. कुणाचं काही तिला पटेना. चहा सोडला, बोलणं सोडलं, सकाळ झाली की भिंतीला टेकून बसायची. मी तिच्या ताटापाशी बसून दोन घास भरवायचे, तर घास तोंडात तसाच ठेवून मला विचारायची, "लोखंडाच्या गाडीची काळजी होती, माझी नव्हती?" खरं सांगायचं तर मलाही दाजींचा राग आला होता. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. येतो. चांगला येतो.

दाजी धुळ्याकडचे. लग्न झालं तेव्हा सुरतेला लिंबायतमध्ये लूमवर होते, आमच्याकडचे सगळेच असतात तसे. लूमवरची माणसं घरी आली तरी ओरडूनच बोलतात, कारण मागाच्या खडखडाटाने कान गेलेले असतात. दाजी म्हणायचे, "कान जायच्या आत मी तिथून निघालो, कारण मला ऐकायला आवडतं." मग क्लीनर झाले, ड्रायव्हर झाले, आणि शेवटी मालकाने हजीऱ्याच्या लोखंडी पत्र्याच्या फेऱ्यांसाठी एक गाडी कायमची त्यांच्याच हातात दिली. गाडी गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत उभी असायची. तिच्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, पण लिंबू-मिरची कधी बांधली नाही. कुणी टोकलं तर म्हणायचे, "लिंबाने ब्रेक लागत असते तर मी लिंबाचं झाडच मागे बांधलं असतं."

त्यांची सकाळ मला अजून पाठ आहे. आधी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढायची, लूमवरून आणलेल्या चिंधीने पुसायची, परत घालायची, परत काढायची, उजेडाकडे धरायची. मग रेडिएटरमध्ये पाणी. मग लोखंडी टामी घेऊन एकेका टायरला ठोका मारायचा आणि कलिंगडावर टिचकी मारून बाई ऐकते तसं मान कलती करून ऐकायचं. मग गाडीखाली वाकून हवेच्या टाकीचा नळ उघडायचा. त्या गाडीचे ब्रेक हवेवर चालायचे. हवेबरोबर टाकीत पाणी साचतं, ते रोज सोडावं लागतं. आक्का ओट्यावरून म्हणायची, "माझं डोकं दुखतंय का ते कधी विचारलं नाही, तिचं तेल मात्र रोज बघतात!" त्यावर दाजी शांतपणे, "तुला तोंड आहे बाई, तू बोलतेस. तिला दोन दिवे आणि एक बझर दिलाय, तेवढ्यातच तिला बोलावं लागतं."

तो बझर! रात्रभर उभ्या गाडीतली हवा हळूहळू उतरते. सकाळी इंजिन चालू केलं की टाकी पुन्हा भरेपर्यंत डॅशबोर्डाखालचा बझर एकसारखा किरकिरत राहायचा. हवा पुरती भरली की आपोआप गप्प. तोवर दाजी गाडी जागची हलवायचे नाहीत. चाकांमागे त्यांनी स्वतः बाभळीच्या लाकडाचे कापलेले ठोकळे असायचेच. ते तसेच ठेवून ओट्यावर यायचे आणि आक्काने आणलेला चहाचा ग्लास हातात घ्यायचे. बझर थांबायच्या आत चहा संपला पाहिजे, हा त्यांचा नेम. संपला की रिकामा ग्लास उंबऱ्याशी पालथा घालून निघायचे. गल्लीतल्या बायका सांगायच्या, आमच्याकडे घड्याळ नको, प्रल्हादचा बझर आहे.

पण रातपाळीवाल्यांना काय त्याचं कौतुक! शेजारचा हिलाल रात्रभर लूम चालवून नुकता आडवा व्हायचा आणि हे सुरू. एकदा त्याने सरळ गाडीत हात घालून बझरची वायर उपटली. सकाळी दाजींनी इंजिन चालू केलं, आणि शांतता. दुसरा असता तर म्हणाला असता, बरं झालं, ब्याद गेली. दाजी इंजिन बंद करून खाली उतरले. वायर सापडली, आणि ही कोणाची करामत तेही त्यांना कळलं, कारण हिलाल गोधडीतून एका डोळ्याने बघत होता. भांडले नाहीत. त्याला उठवलं, चहा दिला, गाडीत बसवलं आणि म्हणाले, "दाब ब्रेक." हिलालने दाबला तर पाय सरळ खाली गेला, नुसता पोकळ. "आता सांग," दाजी म्हणाले, "तुझी पोरं शाळेला जायला याच रस्त्याने निघतात. हा मुका झाला तर मला कोण सांगणार?" हिलाल खजील होऊन म्हणाला, "वाजू दे भो, मी कानात बोळे घालतो." दाजींनीही मग गाडीचं तोंड गल्लीकडून फिरवून पलीकडे करायला सुरुवात केली. तेवढा आवाज तरी कमी.

आणि प्लेगचे दिवस. सुरत रिकामी होत होती. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही असं ऐकलं, तेव्हा दाजींनी मालकाला विचारून गाडी गावाकडे काढली आणि अर्धी गल्ली तिच्यात चढली. मी मागे होते, कडेवर माझी तान्ही मुलगी, तोंडाला फडकं. इंजिन चालू, बझर चालू, आणि दाजी स्टेअरिंगवर हात ठेवून स्वस्थ. लोक पत्रा बडवायला लागले. "चल ना भाऊ, काय मुहूर्त बघतो का?" मीही ओरडले. आज कुणी विचारलं तरी सांगीन, ओरडले त्यात माझं काही चुकलं नाही. पोर घेऊन तिथे उभं राहून बघा म्हणजे कळेल. पण बझर थांबेचना. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. शेवटी दाजी उतरले, खाली वाकले आणि हसतच बाहेर आले. सकाळी पाणी सोडलेला टाकीचा नळ गडबडीत त्यांनी स्वतःच उघडा ठेवला होता. भरलेली हवा सगळी तिथून जात होती. मी सोडते का? "वा दाजी! नळ स्वतः उघडा ठेवायचा आणि उपदेश आम्हाला!" तर म्हणाले, "म्हणून तर बझर लागतो मास्तरीणबाई. माझ्या भरवशावर गाडी चालवली तर झालंच मग!" बझर थांबला तेव्हाच गाडी हलली. घाटात ब्रेक लागले की मागे आम्ही सगळे एकमेकांवर पडायचो आणि तेवढ्यातही हसायचो.

काही लोकांनी नंतर गल्लीत पसरवलं की दाजींना आधीपासून छातीत दुखत असणार, अंगावर काढलं असणार. साफ खोटं. हा माणूस दाढ ठणकली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचा आणि आमच्या मागेही लागायचा. त्यांना आधी काही सूचना मिळालीच नव्हती. मिळाली ती त्या चढावर, आणि मिळाल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

आक्काचा प्रश्न मात्र तिथेच. शेवटी मी ठरवलं, तिला ती जागा दाखवायची. सगळे माझ्यावर तुटून पडले, जखमेवर मीठ कशाला चोळतेस म्हणून. मी म्हटलं, घरात बसून जखम भरत असती तर एव्हाना भरली असती. रिक्षा केली आणि दोघी भेस्तानला गेलो. पुलाचा चढ वरून साधा वाटतो, खाली उभं राहिलं की कळतो. चढाच्या पायथ्याशी रस्त्याला लागून लाऱ्या होत्या, म्हणजे हातगाड्या, पेरूच्या, चिकूच्या, भाजीच्या. त्यांच्या मागे सावलीत कारखान्यातल्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. त्या दिवशी दाजींची गाडी या सगळ्यांच्या बरोबर वर उभी होती, पत्र्याने भरलेली. इंजिन बंद झालं की त्या गाडीतली हवा उतरायला लागते आणि हवेबरोबर ब्रेकही जातो, हे आक्काला मी सांगायची गरज नव्हती. संसार तिने केला होता त्या हवेबरोबर.

पेरूवाल्या म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, त्या दिवशी इथे होतात का? ती गुजरातण. कोण आहोत ते कळल्यावर उठूनच उभी राहिली. म्हणाली, तो भाई उतरला, छातीवर एक हात, दुसऱ्या हाताने ठोकळे लावले. मग चढावरूनच तिला ओरडून म्हणाला, "ए बेन, लारी खसेडो! बाजुमां लो!" गाडी इतकी वर, नीट उभी, आणि हा मला लारी हलवायला का सांगतो, म्हणून तिला राग आला. तिने उलट चार शिव्या घातल्या. तरी तो ओरडतच राहिला, तेव्हा बडबडत तिने लारी सरकवली, डबेवाल्या बायकाही उठल्या. मग तो परत वर चढला. "मने शुं खबर, बेन..." म्हणत तिने आक्काचा हात धरला. निघताना बाईने पेरू देऊ केले, आक्काने ते पदरात घेतले.

रिक्षाने आम्ही परत निघालो. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. लिंबायत जवळ आलं तेव्हा आक्का हळूच म्हणाली, "त्यास्नी हाक मारी व्हती." मी तिच्याकडे बघितलं. ती पदरातले पेरू चाचपत होती. मग तिला जे रडू आलं ते वेगळं होतं, मोकळं. रिक्षावाला घाबरून मागे बघायला लागला, तर मीच त्याला म्हटलं, पुढे बघ बाबा, पुढे बघ.

मालकाने गाडी आता भिकनकडे दिली आहे. भिकन आमच्याच गल्लीतला, वयाने दाजींहून बराच लहान, हात चांगला आहे. गाडी तिथेच उभी राहते. सकाळी बझर वाजतो, थांबतो, गाडी जाते. आक्का भिंतीला टेकून ऐकते. पण चहा नाही टाकायची, सकाळचा चहा तिने बंदच केला होता. परवा मी तिच्याकडे पोळ्या लाटत होते. बाहेर इंजिन सुरू झालं. मी आपली पोळी उलटत होते, तर आक्का एकदम ताठ बसली आणि काही कळायच्या आत अनवाणी बाहेर धावली. कितीतरी दिवसांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. आख्खी गल्ली बाहेर आली एवढ्या मोठ्याने ती ओरडत होती, "ए भिकन! थांब! बझर वाजना नही!"

भिकन ठोकळे काढायलाच वाकला होता, तो तसाच उभा राहिला. हिलाल डोळे चोळत दारात आला आणि आधीच दोन्ही हात वर करून म्हणाला, "आक्का, या बारीला मी नाही हं!" भिकनने डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. वायर सुटली होती, गाडीच्या हादऱ्याने असेल. त्याने ती जोडली आणि बझर किरकिरू लागला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहून ऐकत होती. मग आत आली, मला म्हणाली तवा उतरव, आणि स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवलं. ग्लास घेऊन ओट्यावर गेली आणि भिकनला म्हणाली, "लवकर पी. तो थांबायच्या आत संपला पाहिजे."