सेलवरचा ओरखडा

सुलू गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला. मी विचारलं, "जेवली होती का?" "हो, काकू." बरं झालं, भरल्या पोटी गेली. आता जो तो म्हणतो, सुलू फार सोशिक. सोशिक कसली? हट्टी होती, फटकळ होती, आणि एक गोष्ट तिने सासूपासून शेवटपर्यंत लपवली. आता सासूही नाही, सुलूही नाही, म्हणून लिहिते.

लालबागच्या एकाच चाळीत आम्ही दोघी. शिक्षण चौथीपर्यंत, पण रांगोळीत हात बरा, म्हणून दादरच्या एका स्टुडिओत कामाला लागलो. तिथे हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा बनत होता. राजकन्येची मैना होते, अशी गोष्ट. चित्रकार कागदावर पेन्सिलने चित्र काढायचे, मग ते शाईने सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर, उतरायचं, आणि आम्ही सेल उलटा करून मागून रंग भरायचो. राजकन्येने नुसती मान वळवली तरी सेलची चळत लागायची. सेलला नख लागलं तरी ओरखडा उठे आणि कॅमेऱ्याच्या दिव्याखाली चमके. म्हणून बसताना काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या. सगळ्याच काढायच्या, घरी कोणीच सांगायची नाही. सुलू एकदा त्या तिथेच विसरून घरी गेली. सासू मालवणकडची. "घोव जितो आसताना काकणां काढतंस?" सगळ्या चाळीने ऐकलं. सुलूचा नवरा दत्ताराम गिरणीत होता. तो हसला. "आये, रंगाचा काम आसा ता. माका काय होवचा नाय."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. एका सकाळी दत्ताराम मोर्चाला गेला आणि सुलू कामावर आली ती तशीच सेल घेऊन बसली. आमचं काम तपासणारे मास्तर म्हणाले, "बांगड्या?"

"आज नाही काढणार."

"मग फडकं गुंडाळ. सेल खराब झाला तर बघ."

फडकं सरकलंच. राजकन्येच्या गालावर ओरखडा उठला. मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण सेल परदेशातून यायचे, नेहमी तुटवडा. वापरलेले सेलसुद्धा आम्ही धुऊन पुन्हा घ्यायचो. तोच सेल पुढे कॅमेऱ्याखाली गेला... दुपारी गोळीबाराची बातमी आली. दत्ताराम जिवंत परतला नाही.

म्हातारी सुलूच्या अंगावर धावली. "तुया खाल्लंस माझ्या झिलाक! काकणां काढून बसलंस थय!" मी तोंड उघडलं, तर सुलूने माझा हात करकचून दाबला. पुढे नळावर मी तिला म्हटलं, "सांग ना तिला. त्या दिवशी हातात होत्या तुझ्या."

"मग पोरगा कशाने गेला म्हणून सांगू?... माझ्यावर ओरडायला उठते, म्हणून दोन घास तरी खाते."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. म्हातारी मरेपर्यंत सुलूने तेच ऐकलं, आणि तेव्हा रांगणारा तिचा मुलगा ते ऐकतच मोठा झाला.

सुलू पुन्हा कामावर आली तेव्हा बायका बांगड्या काढत होत्या. "माझा तेवढा वेळ वाचला," म्हणाली. कोणी हसलं नाही. सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघी गेलो. राजकन्येने मान वळवली, गालावर काहीतरी चमकलं आणि गेलं. डोळ्याचं पातं लवावं तेवढंच. अंधारात सुलूने माझं मनगट धरलं. "होत्या ना गं हातात?"

"होत्या."

तेव्हा मला कळलं, म्हातारीचं बोलणं हिच्याही आत शिरलंय. पुढे भेटली की कधीतरी, भाजी निवडता निवडता, मध्येच विचारायची. "होत्या ना गं?" मी चिडायचे. "किती वेळा सांगू?" शेवटच्या भेटीतही विचारलं.

दिवसकार्य झाल्यावर सुनेने तिची ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या पातळात गुंडाळलेला एक सेल निघाला. सगळे धुतले, हा तिने धुतला नव्हता. राजकन्येचा रंग कधीच पोपडे धरून गळून गेलेला, शाईची रेघ फिकट.

"काकू, हे काय आहे? टाकून देऊ?"

मी तो दिव्याखाली धरला. ओरखडा चमकला.

"होत्या," मी म्हटलं.