सिद्दीकची सही

सिद्दीक तांबोळी आमच्या ग्रामपंचायतीचा वायरमन. घोड नदीच्या काठचं आमचं गाव, शिरूर तालुक्यातलं. चोवीस वर्षं तो इथल्या खांबांवर चढतोय, पण त्याचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हणून सरपंच साहेबरावांनी बोलावून काम सांगितलं, तेव्हा त्याला खरंच वाटेना.

"रस्त्याचे जुने दिवे काढून एलईडी लावायचेत. तीन कंपन्यांनी नमुने दिल्यात. वरच्या आळीत लावा, दोन महिने बघा, आन् कुठला चांगला ते लिहून द्या."

सिद्दीकनं शंभर पानी वही आणली. नऊ खांबांवर नऊ दिवे चढवले. रोज दिवेलागणीला मीटर लावून व्होल्टेज लिहायचा. उजेड मोजायचं यंत्र नव्हतं, तर आळीच्या टोकाला राहणाऱ्या सारजाबाईंना त्यानं गळ घातली. म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ती एकेका दिव्याखालून चालायची. पहिल्या कंपनीच्या दिव्याखाली कपाळावर हात धरून थांबली.

"ह्यो डोळ्यात घुसतूय रं. पायाखालचं काय दिसंना."

तिसऱ्या कंपनीच्या उजेडात मात्र तिनं गटारावरची फुटकी फरशी काठीनं दाखवली.

शेतीपंप एकदम बंद झाले की गावात व्होल्टेज उसळतं. त्या उसळीत पहिल्या कंपनीचे तीनातले दोन दिवे महिन्यात गेले. दुसरीचा एक, तिसरीचा एकही नाही. सिद्दीकनं चार पानं लिहून दिली.

आठ दिवसांनी पंचायतीपुढं टेम्पो लागला. एकशे साठ खोकी, सगळी पहिल्या कंपनीची.

"वरनं हेच नाव आलंय, सिद्दीकभाई," साहेबराव म्हणाले. "माझ्या हातात काय न्हाई."

"मग मला तपासायला कशाला लावलं?"

"फायलीला तपासणीचा कागद लागतो."

कागद टाईप करून तयार होता. 'दिवे तपासले, समाधानकारक आढळले.' खाली सिद्दीकचं नाव. त्यानं तो घरी नेला. बायकोला, रोशनबीला वाचून दाखवला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमची नोकरी अजून कच्चीच हाय." सकाळी त्यानं सही केली.

दिवे त्यालाच बसवायचे होते. सारजाबाईंच्या दारचा चांगला दिवा उतरवताना त्या खाली उभ्या होत्या.

"चांगला हुता की. का काढतूस?"

"कंपनीला परत द्यायचाय, आजी." खरं तेवढंच त्याला सांगता आलं.

दिवाळीपर्यंत त्रेचाळीस दिवे गेले. ग्रामसभेत लोक उठून बोलायला लागले. कुणीतरी फाईल मागितली आणि तो कागद मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी सिद्दीककडं पाहिलं. वही त्याच्या पिशवीतच होती. त्यानं साहेबरावांकडं पाहिलं, ते समोरचे कागद सारखे करत होते. वही काढावी तर त्या कागदावर सही का केली, हे सांगावं लागणार. तो उभा राहिला, "चूक झाली," म्हणाला आणि बसला.

कंपनीचा फोन आता लागत नाही. सिद्दीक दोन मेलेले दिवे उघडतो, त्यातले धड भाग काढून एक चालू करतो. सोळा लागले आहेत. बाकीच्यांसाठी सुटे भाग नाहीत. वरच्या आळीतली माणसं सात वाजले की दारं लावून घेतात, आणि सिद्दीक हल्ली बाजारातनं घरी यायला वरची आळी टाळून नदीकडची लांबची वाट धरतो.