टायरवरचे शेवटचे चार आकडे

आटपाट निशातगंज होतं. तिथे उत्तरेत आमच्या मराठी घराचं टायरचं एक दुकान होतं. गल्ल्यावर माझा मुलगा सुधीर, शेजारी सून मेधा, शाळा सुटली की नात गौरी, आणि बाकावर मी. दुकानामागे जुने टायर साठतात ना, तसे आमचे किस्से साठलेत. टाकायला काढावेत, तर प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या रस्त्याची माती!

मी शाळेची पायरी चढले नाही. आकडे सुधीरनं टायरवर माझं बोट फिरवून शिकवले. "आई, हे १८५, टायरची रुंदी, मिलिमीटरात. पुढचे ६५ म्हणजे रुंदीच्या शंभरातले पासष्ट, एवढी त्याची उंची. शेवटचे १५ म्हणजे आतल्या रिमचे इंच."

मी म्हटलं, "म्हणजे भाकरीची रुंदी, जाडी आणि तव्याचं माप!"

"आई, तू इंजिनिअर व्हायचीस, राहून गेलीस बघ!"

बख्शी का तालाब गावचे एक बटाटेवाले भैया होते. "पीछे बड़े वाले लगा दो, गाड़ी रोबदार दिखेगी!" सुधीरनं साफ नकार दिला. त्यांनी दुसरीकडून बसवून घेतले. आठवड्यात परत! पोती भरली की टायर वर पत्र्याला घासायचे.

मी बाकावरूनच म्हटलं, "भैया, दामाद के जूते ससुर को पहनाओगे, तो ससुर चलेगा?"

इतके हसले, की दर हंगामाला बटाटे आणायला लागले. सुधीर गेला तेव्हाही आले. पोतं दाराशी ठेवलं, तासभर बाकावर माझ्याशेजारी बसले, आणि उठून गेले.

सुधीर कसा गेला, ते आता सांगते.

टायरवर शेवटी चार आकडे असतात. १४१२ म्हणजे २०१२ सालातला चौदावा आठवडा, तेव्हाचा टायर. कधी कधी ते आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. सुधीर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "रबर वरून नवं दिसतं, आतून म्हातारं होतं."

मी म्हणायचे, "माझं उलट आहे रे!"

एकदा मित्राच्या गाडीतून सीतापूरला निघाला. टायरची नक्षी खोल, काळी, अगदी कोरी. सगळ्यांना वाकायला सांगणारा त्या दिवशी घाईत वाकला नाही. हायवेवर टायर फुटला.

नंतर ती गाडी बघायला मी गेले. चाकावरून बोट फिरवलं. अकरा वर्षांचा टायर. वाचायला शिकले, ते हे वाचायला?

तेव्हापासून गौरी चारचाकीत बसली नाही. कॉलेज, नोकरी, सगळं स्कूटीवर. मेधानं दुकान चालवलं, पण लेकीला गाडीत बसवणं तिला जमलं नाही. स्थळं यायची आणि हे कळलं की जायची.

मानक नगरचे एक साहेब मुलासकट आले. चहा झाला, म्हणाले, "बेटा, चलो, गाड़ी में घूम आओ." गौरी साडी सावरून चाकापाशी वाकली.

"हम लड़की देखने आए हैं, और लड़की टायर देख रही है!" सगळे हसले.

गौरी आत आली. "आजी, यार, मैं पागल हूँ क्या?"

"नाही गं. तुझ्या बापाचं वाकायचं राहिलं, ते तू वाकलीस."

त्या दिवशी मेधा जेवली नाही.

मग अनिकेत आला. त्याला सगळं सांगितलं. हसला नाही. लग्न ठरलं, लागलंही. पाठवणीला फुलांनी मढवलेली गाडी उभी राहिली. त्याची मावशी चाकाखाली नारळ ठेवायला वाकली, आणि गौरीचा पाय दाराशीच थांबला. बँड थांबला. माणसं कुजबुजायला लागली. मेधानं माझा हात घट्ट धरला.

"मावशी, नारळ थांबव," अनिकेत म्हणाला. पांढऱ्या धोतरानिशी गुडघ्यांवर बसला, झेंडू बाजूला सारला आणि आकडे मोठ्यानं वाचायला लागला. दोन चाकांचे आतल्या बाजूला होते, तर पठ्ठ्या चक्क रस्त्यावर आडवा झाला! चारही वाचले. उठला, डिकी उघडली, रुखवताची खोकी एकेक करून खाली उतरवली, आणि तळाशी डोकं घातलं.

"आजी, स्टेपनी राहिली होती. तीही यंदाचीच आहे."

गौरी गाडीत बसली.