ब्रेनरसाहेबांची भीती

मद्रासला रेल्वेच्या कचेरीत चिकटलो आणि पहिल्याच वर्षी मला विमान चालवायला शिकण्याचे वेड लागले. फ्लाइंग क्लबचे शिक्षक ब्रेनरसाहेब जर्मन, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेले. हे आईच्या कानावर गेले. ती थेट क्लबात येऊन थडकली आणि मला दुभाष्या करून म्हणाली, "पोराला रोज सुखरूप परत आणाल, असं वचन द्या."

साहेब म्हणाले, "वचन नाही देणार. पण मी फार भितो, एवढं त्यांना सांग."

आईने त्यांना नीट न्याहाळले. "मग शीक," मला म्हणाली.

उडण्यापूर्वी साहेब प्रत्येक नटबोल्ट दोनदा तपासत. आम्ही टवाळ मंडळी त्यांच्या पाठीमागे हसायचो, की हा कसला लढवय्या! त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. विसाव्या वर्षी भरती, दोनदा विमान पडले, अखेर युद्धकैद. पदकांचे विचारले तर "आमची बाजूच चुकीची होती," एवढेच म्हणत. तुकडीचे प्रमुख असताना संध्याकाळी धावपट्टीवर उभे राहून ते परतणारी विमाने मोजत. आकडा क्वचितच जुळे.

एकदा एन्नोरच्या किनाऱ्यावरून उडताना आमचे इंजिन बंद पडले. त्या शांततेने माझी बोबडीच वळली. पुढच्या जागेवरून साहेबांचा आवाज आला, तोही कापरा. "मलाही भीती वाटतेय. नाक खाली घे. वाळू दिसते? तिकडेच बघ." विमान वाळूवर आदळत, घासत थांबले. कोळी धावत आले. साहेबांनी माझ्या छातीला बोट लावले, "एक." मग स्वतःच्या, "दोन." पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना ते रडत होते.

संध्याकाळी ते स्वतः आमच्या घरी आले आणि आईसमोर मान खाली घालून उभे राहिले. "आधी जेवा," आई म्हणाली आणि तिने पाट मांडला.

आज साहेबांना वयाची पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हे लिहितो आहे. त्यांच्याच कृपेने मीही आता क्लबात शिकवतो. उद्या सकाळी माझा पहिला विद्यार्थी एकटा विमान नेणार आहे. साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असे सगळेच म्हणतील. मीही मनापासून म्हणतो. पण माझे मागणे त्याहून लहान आणि स्वार्थी आहे. उद्या ते विमान जमिनीला टेकेपर्यंत साहेबांनी माझ्याशेजारी उभे राहावे. मला एकट्याला आभाळाकडे बघवणार नाही.